खिडकीपाशी मोजलेले अकरा कागद

कंपनीला एक खडसावणारं पत्र लिहायचं, एवढंच मी त्या शनिवारी सकाळी ठरवलं होतं.

गेली बावीस वर्षं मी घरच्या बाथरूममध्ये कृष्णधवल फोटो छापतो आणि त्यासाठी एकच कागद वापरतो. कडक, दणदणीत. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. बातमीत आणि फोटोत मला राखाडी खपत नाही. तर हा कागद कंपनीनं बंद केला. कुणाला विचारलं नाही, कळवलं नाही. चाळीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला (दोन मंत्री आणि एक महापौर माझं नाव ऐकून आजही पाणी मागतात, असं मी तरी ऐकून आहे) हे सहन होणं शक्यच नव्हतं.

पत्र जोरात सुरू झालं. ‘ग्राहकांचा विश्वासघात’ पहिल्याच ओळीत आला. पुढे लिहिलं, ‘आज माझ्याकडे या कागदाचे शेवटचे’ आणि पेन अडलं. शेवटचे किती? मोघम आकडा मी जन्मात छापलेला नाही. ‘सुमारे’ हा शब्द लिहिणाऱ्या कितीतरी नवख्या वार्ताहरांना मी रडवलं आहे. मी उठलो, कपाटातून खोका काढला, खिडकीपाशी भरपूर उजेडात बसलो, आतली काळी पिशवी उघडली आणि बोटाला थुंकी लावून कागद मोजले. अकरा. खात्रीसाठी पुन्हा मोजले. अकराच.

पत्रात ‘अकरा’ लिहून त्याखाली रेघ मारली आणि मग खोक्यावर लिहिलेल्या ओळीकडे लक्ष गेलं.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोटोच्या कागदाला उजेड लागला की तो कामातून गेला. छापायला घ्याल तर कोळशासारखा काळा. खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘उजेडात उघडू नये. सबब ऐकली जाणार नाही.’ या एका नियमापायी मी घर डोक्यावर घेत आलो आहे. एकदा बायकोनं झाडताना खोका नुसता सरकवला, तर दोन दिवस मी तिच्याशी तुटक बोलत होतो.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी बायकोची थोरली बहीण यायची होती. चार वर्षांनी. सासरे गेल्यावर दोघी बहिणींचं काहीतरी बिनसलं आणि बोलणंच बंद झालं. कारण मला कळलं नव्हतं. (माझा अंदाज, सासऱ्यांच्या लाकडी कपाटावरून.) आता कुठे फोन झाला होता. बायको म्हणाली होती, “ताईला बाबांचा फोटो द्यायचाय. रविवारपर्यंत छापा. आणि या वेळी नीट छापा.”

दिवाणखान्यात टांगलेला सासऱ्यांचा फोटो माझ्याच हातचा, त्याच कागदावरचा. ताईंना त्याहून वेगळा दिला, तर धाकटीला अस्सल आणि थोरलीला नक्कल असं होणार. पुन्हा चार वर्षं. आणि ती माझ्यामुळे.

बायको आत आली तेव्हा खोका माझ्या मांडीवर होता. ती न्यायालयात लघुलेखक आहे. तीस वर्षं ती लोकांचं खोटं बोलणं शब्दशः उतरवून घेते.

“कागद आहे ना?” तिनं विचारलं.

“आहे,” मी म्हणालो. (हे खरंच होतं. अकरा होते.)

“मग घाम कसला फुटलाय?”

पंखा बंद आहे म्हणालो. तिनं वर पाहिलं. पंखा गरगरत होता. 

मी दुकान गाठलं. जाड चष्म्याच्या दुकानदारानं ऐकून घेतलं आणि तीन प्रकारचे कागद पुढे ठेवले. एक थंड छटेचा, एक उबदार छटेचा, आणि एक असा, की त्याचा कडकपणा दिव्याखालचा रंगीत फिल्टर बदलून कमीजास्त करायचा. माझ्या जुन्यासारखा कोणता, असं दरडावून विचारलं, तर म्हणाला, एकही नाही. याबद्दल मी पेपरात लिहीन, असा दम भरला. तो म्हणाला, जरूर लिहा, तेवढीच दुकानाची जाहिरात. मी तिन्ही पाकिटं घेतली.

दुपारी बाथरूमच्या झरोक्याला काळं कापड लावून, कागदाला चालणाऱ्या लाल दिव्यात, मी कामाला लागलो. पाण्यासारख्या रसायनात कोरा कागद बुडवला की त्यातून चेहरा हळूहळू वर येतो. एरवी मला हा क्षण फार आवडतो. त्या दिवशी सासरे वर यायला लागले तसा मी दोन पावलं मागे सरकलो.

थंड कागदावर ते नुकतेच शवागारातून आणल्यासारखे दिसले. उबदार कागदावर काविळीतून उठल्यासारखे. बाहेरून बायकोनं दार वाजवून विचारलं, “जमतंय का?” माझ्या हातातला चिमटा फिक्सरच्या रसायनात पडला. जमतंय, मी म्हणालो.

रविवारी सकाळी तिसरं पाकीट उघडलं. घाबरून फिल्टर न बघताच लावला आणि सगळ्यात मवाळ तोच लागला. जो फोटो आला तो नखशिखांत राखाडी. पुळचट. माझ्या हातून असलं काही बाहेर पडलं नव्हतं. फाडणार, तोच दाराची घंटा वाजली.

केस वाळवायच्या यंत्रानं तो फोटो वाळवून मी बाहेर आलो. ताई भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून बसल्या होत्या. मी नवा त्यांच्या हातात ठेवला. दोघी त्याच्यावर वाकल्या.   एक मिनिट गेलं, कदाचित दोन. (सुमारे.)

“मीच तो खोका उजेडात उघडला,” मी म्हणालो. “खिडकीपाशी. दोनदा मोजले. सगळे गेले. हा दुसरा कागद आहे, घाबरत घाबरत छापलाय.”

बायकोनं मान वर केली नाही. “बरं झालं,” ती म्हणाली. “आधीच उघडायला हवा होतात.”

ताई डोळे पुसत होत्या. “हसतायत गं बाबा,” त्या म्हणाल्या. “बघ, इथे, ओठाच्या कोपऱ्यात.”

मी पाहिलं. खरंच हसत होते. माझ्या कडक कागदावर तो कोपरा काळ्यात बुडाला होता, आणि चार वर्षं ते भिंतीवरून आमच्याकडे आरोपीसारखे पाहत होते. मग दोघींच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. तेव्हा भिंतीवरचा फोटो पाहून ताई म्हणाल्या होत्या, हे आमचे बाबा नाहीत. बायको माझी बाजू घेऊन भांडली होती. ताईंचं बरोबर आहे हे पटत असूनही भांडली होती. कपाटाचा काही संबंध नव्हता.

ताईंनी फोटो जपून पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “चार वर्षांपूर्वीच जरा घाबरून छापला असतात, तर एवढं झालंच नसतं.”