पस्तीसच्या पुढे, बेचाळीसच्या आत

पोलिसांच्या हाती सापडण्यात असं काय अवघड आहे? लोक तर नको असताना सापडतात! मी मनापासून सापडायचं ठरवलं होतं, म्हणजे आठवड्याभरात काम फत्ते, अशी माझी खात्री होती. मला आठ महिने लागले!

मी नॉर्मन. वय एकाहत्तर. यॉर्कशायरमधल्या या आमच्या गावात पस्तीस वर्षं टपालाची गाडी चालवली, आणि तेवढ्या वर्षांत एकदाही वेगमर्यादा ओलांडली नाही. तीस मैलांच्या रस्त्यावर मी अठ्ठावीसने जातो. आमच्या शाळेत उशिरा येणारी मुलं ‘नॉर्मनच्या मागे अडकलो होतो’ असं सांगतात, आणि बाई मुकाट्याने हजेरी लावतात. इतकं माझं नाव!

त्या नावाला मार्च महिन्यात ग्रहण लागलं. माझी थोरली बहीण एनिड केस कापायला जाताना ताशी सदतीस मैलांनी सापडली. तिला घरी पत्र आलं. आमच्याकडे थोडक्यात चुकलेल्यांना, म्हणजे पस्तीसच्या पुढे आणि बेचाळीसच्या आत असलेल्यांना, दंडाऐवजी अर्ध्या दिवसाच्या वर्गात बसता येतं. बेचाळीसच्या वर गेलात तर मात्र दंड आणि लायसन्सवर डाग.

“तूही चल,” एनिड म्हणाली. “माझ्या कानाचं यंत्र नेमकं महत्त्वाच्या वेळी शिट्टी मारतं. बाई काय बोलल्या ते मला सांग.”

म्हणून मी एका हॉटेलच्या मागच्या हॉलात शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. आणि वर्ग घेणारी रोवेना आत आली.

साठीची असेल. चष्मा कपाळावर, हाताला खडू. प्रत्येकाला उभं करून ती दोनच प्रश्न विचारायची, “कशाची घाई होती? आणि किती वेळ वाचला?” एनिडचे चाळीस सेकंद वाचले होते. ते फळ्यावर लिहून रोवेना म्हणाली, “चाळीस सेकंदांत त्या न्हाव्याने तुमची एक बट तरी कापली असती का?” सगळा हॉल हसला. एनिडसुद्धा! मग रोवेना माझ्याकडे वळली. “आणि तुम्ही मागे बसलेले, तुम्ही कितीने जाता?”

“अठ्ठावीस,” मी म्हणालो.

“मग तुमचं इथे काय काम?” ती हसून म्हणाली.

खरंच, काही काम नव्हतं. पण तो प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि झोपच उडाली. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून गाडीत माझ्या शेजारी खरेदीची पिशवी बसते. ती जड असली की गाडी केकाटते, म्हणून पिशवीलाही मी पट्टा लावतो. सहा वर्षांत मला कोणी हसत हसत काही विचारलं नव्हतं. मला ती बाई पुन्हा एकदा बघायची होती. नुसती बघायची नाही, तिने मला आणखी काहीतरी विचारायला हवं होतं!

मी त्या वर्गाच्या ऑफिसात फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, “सर, तुम्ही वेगात सापडलात का?”

“नाही.”

“मग आम्ही तुमच्यासाठी काही करू शकत नाही.”

झालं! मी सापडायचं ठरवलं.

टेकडीच्या रस्त्यावर एक पिवळी कॅमेऱ्याची पेटी आहे. तिच्यापुढून मी एका सकाळी सहा वेळा छत्तीसने गेलो. सातव्या खेपेला खाटकाने मला थांबवून सांगितलं की त्या पेटीत नऊ वर्षांपासून कॅमेराच नाही, चिमण्यांचं घरटं आहे. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मला कळायची कधी वेळच आली नव्हती!

मग पोलिसांची गाडी. ती दर मंगळवारी चॅपलपाशी उभी असते. पहिल्या मंगळवारी माझ्यापुढे गवताचा ट्रॅक्टर. दुसऱ्या मंगळवारी घोड्यावर बसलेली मुलगी. तिसऱ्या मंगळवारी रस्ता मोकळा होता, पण पोलिसांची गाडी दिसली आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर आला! मी त्याला शिव्या घातल्या, मांडीवर चापट मारली, पण पन्नास वर्षांची सवय. असे किती मंगळवार गेले, उन्हाळाही सरला.

शेवटी मी आमच्या गावच्या स्वयंसेवकांकडे वळलो. तीन म्हातारे पिवळी जाकिटं घालून रस्त्याकडेला हातातल्या यंत्राने वेग मोजतात आणि वहीत नंबर लिहून पोलिसांना कळवतात. त्यांचा म्होरक्या बर्नार्ड माझा जुना दोस्त. त्यांच्यापुढून सदतीसने गेलो. आरशात बघतो तर बर्नार्ड ते यंत्र तळहातावर आपटत होता! मी वळून पुन्हा गेलो. तिघांनी मला प्रेमाने हात केले. मी गाडी थांबवून उतरलो.

“बर्नार्ड, माझा नंबर लिहिलास का?”

“छे रे! यंत्र बिघडलंय. तुला सदतीस दाखवतंय!”

“अरे, सदतीसच होते!”

“बरं बरं. बस जरा. चहा घे. साखर किती?”

“मला साखर नको, मला वहीत नाव हवंय!”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने मला घडीच्या खुर्चीवर बसवलं, दुसऱ्याने पायांवर घोंगडी टाकली, आणि बर्नार्ड चार पावलं लांब जाऊन एनिडला फोन करू लागला.

दुपारपर्यंत गावभर झालं! बेकरीवाली बाई माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली. पाद्रीसाहेब विनाकारण घरी येऊन गेले. गुरुवारी एनिड दारात उभी राहिली. “चल, डॉक्टरांनी दहाची वेळ दिलीय. तुझ्या डोक्याचं काय ते बघून घेऊ.”

“माझं डोकं ठीक आहे गं!”

“ज्याचं डोकं ठीक असतं तो ‘मला पकडा, मला पकडा’ म्हणत फिरतो का?”

खरं कारण सांगायला जीभ रेटेना. एकाहत्तराव्या वर्षी थोरल्या बहिणीला हे कसं सांगायचं? मी गाडी काढली. एनिड शेजारी बसून घड्याळ बघत होती. “अरे, अंत्ययात्रेला निघालोय का आपण? दहाला पाच कमी आहेत! पाय दे की जरा!”

तिच्या ओरडण्याने मी दचकलो आणि पाय दिला. त्या गुरुवारी पोलिसांची गाडी नेमकी दवाखान्याच्या वळणावर उभी होती.

डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मला शहाणा ठरवलं. दहा दिवसांनी पत्र आलं. सदतीस! मी दारातच त्या पत्राचा मुका घेतला. पोस्टमनने बघितलं, पण माझ्याबद्दल गावात आता आणखी काही वाईट पसरायचं उरलंच नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा त्याच हॉलात गेलो. नवा शर्ट, ताजे कापलेले केस. या वेळी पहिल्या बाकावर! रोवेना आली, तसाच कपाळावर चष्मा. तिने मला ओळखलं नाही. तरी मी ताठ बसून राहिलो. एकेक जण उभा राहत होता. एका बाईच्या डिकीत गोठवलेले मासे वितळत होते, तिचं दीड मिनिट वाचलं होतं. एका नळवाल्याचे वीस सेकंद. मग मी.

“कशाची घाई होती?”

‘दाताचा डॉक्टर’ असं उत्तर मी घोकून आलो होतो. पण तोंडातून भलतंच निघालं. “एका व्यक्तीला भेटायचं होतं.”

“मग? किती वेळ वाचला?”

“वाचला नाही. आठ महिने लागले.”

हॉलात हशा पिकला. रोवेना फळ्यावर लिहायला वळली आणि तिचा हात थांबला. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. “तुम्ही मार्चमध्ये आला होतात. मागच्या बाकावर. अठ्ठावीसवाले!”

“हो!” मी म्हणालो.

“आणि सदतीसने सापडलात?” तिचा चेहराच उतरला. “अहो, आठ महिने मी प्रत्येक वर्गाला तुमचं उदाहरण देतेय! म्हणते, सगळे घाईत असतात, पण एक शहाणा माणूस अजून रस्त्यावर आहे!”

आठ महिने ती रोज माझ्याबद्दल बोलत होती! आणि मी ते सगळं एका फटक्यात घालवलं होतं. पुढचे तीन तास ब्रेकबद्दल काय शिकवलं ते मला विचारू नका.

वर्ग सुटला. रोवेना दारात उभी राहून प्रत्येकाचा हात हातात घेऊन सांगत होती, “पुन्हा इथे दिसू नका.” माझी पाळी आली. मी धीर करून म्हणालो, “रोवेनाबाई, ती व्यक्ती, म्हणजे मला जिला भेटायचं...”

“बाई, याचं काही मनावर घेऊ नका!” मागून एनिड आली. ती मला न्यायला आली होती! “हल्ली हा लोकांना नंबर लिहून घ्या म्हणत फिरतो. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, पण डॉक्टरांना काय कळतंय!”

रोवेनाचा चेहरा एकदम मऊ झाला. ती कीव होती. मला कीव नको होती. पण आठ महिने थांबलेल्या माणसाने जे मिळेल ते घ्यावं. तिने माझ्या हातात एक कागद ठेवला. सत्तरीपुढच्या लोकांसाठी गाडी चालवण्याची तपासणी. शेजारी तपासनीस बसतो, बारा मैलांची फेरी.

“शेजारी कोण बसतं?” मी विचारलं.

“बुधवारी मी बसते.”

बुधवारी मी पिशवी मागच्या सीटवर टाकली. रोवेना शेजारी बसली आणि मी मनाशी म्हटलं, नॉर्मन, गेलेलं नाव परत मिळव! मी आयुष्यातली सर्वांत सुंदर गाडी चालवली. आणि रस्ता संपू नये म्हणून काय काय केलं! पादचाऱ्यांच्या पट्ट्यापाशी दोन बायका गप्पा मारत उभ्या होत्या. त्यांना ओलांडायचं असेल म्हणून त्यांच्या गप्पा संपेपर्यंत थांबलो. रोवेना हसली. तिने सांगितलं की ती एकटी राहते, तिचा कुत्रा बहिरा आहे, आणि संध्याकाळी बोलायला कोणी नसलं की ती त्याच्याशी मोठ्याने बोलते. मला सांगायचं होतं की माझ्या घरात तर कुत्राही नाही. पण तेवढ्यात बारा मैल संपले आणि आम्ही हॉटेलच्या फाटकात परत आलो.

तिने कागद भरून माझ्या हातात दिला. “शंभरपैकी शंभर! असा निकाल मी आजवर कोणाला दिला नाही. वर्गात तुमचं उदाहरण पुन्हा सुरू. आणि आता तुम्हाला इथे परत यायची काही गरज नाही.”

“मग चहा तरी?” मी कसंबसं म्हणालो.

“आता कुठला चहा! तुमच्या फेरीला पावणेदोन तास लागले. पुढचे गृहस्थ केव्हाचे ताटकळलेत.”

फाटकापाशी आमच्या गावचा क्रॅबट्री उभा होता. टाय, चमकते बूट, पाणी लावून बसवलेले केस, आणि हातात आल्याच्या केकचा डबा.

“चौथ्यांदा येताहेत बिचारे,” रोवेना हळूच म्हणाली. “दर वेळी नापास. गाडी मागे घेताना हमखास कुंपणाला लावतात. आणखी दोन-तीन फेऱ्या तरी लागतीलच.”

क्रॅबट्री? ज्याने चाळीस वर्षं फर्निचरचा ट्रक हाकला आणि जो आमच्या अरुंद गल्लीतून तो उलटा बाहेर काढायचा, तेही एका हाताने सँडविच खात?

“आज तरी सांभाळून हं,” रोवेना त्याच्या शेजारी बसत म्हणाली.

“प्रयत्न करतो बाई,” क्रॅबट्री म्हणाला, आणि काचेतून माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला! मग त्याची गाडी सावकाश मागे गेली, कुंपण कडकन वाजलं, आणि रोवेनाचं हसणं ऐकू आलं.

आणि मी गाढव, शंभरपैकी शंभर मिळवून बसलो होतो!