काबऱ्या मांजरींचे आधिक्य

"अकरा निघायला हव्या होत्या, निघाल्या पंधरा," निवृत्त प्राध्यापक चष्मा कपाळावर चढवत म्हणाले.

मागच्या दारात दुधाची ताटली मांडणाऱ्या त्यांच्या बायकोने वळूनही पाहिले नाही. तिची काबरी मांजर वर्षापूर्वी निघून गेली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला ती ताटली भरत असे आणि आठला, रिकाम्या अंगणाकडे एकवार पाहून, दूध ओतून देत असे.

प्राध्यापकांनी मात्र वसाहतीतल्या मांजरींच्या रंगाच्या जनुकांची मोजदाद आरंभली होती. काळ्या मादीत काळ्या रंगाची दोन जनुके, तांबडीत तांबड्याची दोन, काळ्या-तांबड्या काबरीत दोन्हींचे एकेक. तेव्हा माद्या मोजल्या की जनुकांचे प्रमाण कळते, आणि त्या प्रमाणावरून काबऱ्या किती असाव्यात, तेही कळते. त्यासाठी त्यांनी घरोघर छापील तक्ते वाटले होते: रंग, खुणा, जेवणाची वेळ. मांजर प्रत्यक्ष पाहण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही; ती प्रत्येक घरी नेमकी आत्ताच बाहेर गेलेली असे.

"शिवाय पंधरांतल्या दहा जणींचा डावा कान फाटका," ते म्हणाले. "म्हणजे फाटका कानही आनुवंशिक. अगं, हा शोध आहे."

बायकोचा हात थांबला. "अहो, तो कान आपल्या दारात चेमटून फाटला. दार तुम्हीच लोटलं होतंत."

"दहाही कान?"

"कान एकच. दहा घरी जेवतोय."

तिने तक्ते ओढून घेतले. सकाळी सहा, दातांचे डॉक्टर. साडेसात, बँकेतले कारकून. संध्याकाळी सात, शिंपीणबाई, उकडलेला मासा.

"सातला मासा," ती म्हणाली, "आणि मी बसलेय दूध घेऊन. भवानी कुठली." आवाजात राग मात्र नव्हता. सबंध दिवसात दुपारी चारची वेळ तेवढी मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी तिने ताटली चारला मांडली आणि मांजर आली. दूध संपवून तिने बायकोच्या पायाला एकदा पाठ घासली आणि साडेचारच्या घराकडे चालती झाली.

प्राध्यापकांनी नऊ तक्ते फाडले. प्रमाण पुन्हा मांडले, तर आता काबऱ्या सहा निघायला हव्या होत्या आणि सहाच निघाल्या; शोध संपला. त्यांनी पेन उचलले. "हिला कुणाच्या घरी लिहू?"

"अकरावं घर लिहा. वेळ, चार."

मग तिने ताटली घासून, पुसून पुन्हा उंबऱ्याशी ठेवली आणि शेजारी बसून राहिली. उद्याच्या चारला अजून तेवीस तास होते.