खंड्या, मासा आणि दातांचे डॉक्टर

मुलांनो, जरा डोळे मिटा. नको नको, मिटलेत तर वाचणार कसं? उघडेच ठेवा आणि मनातल्या मनात बघा. एका दवाखान्यामागे मातीचा उंच कडा आहे. कड्यात मुठीएवढं बीळ. बिळात खंड्याची पिल्लं भुकेने किरकिरताहेत. आणि समोर उभं आहे खोदाईचं पिवळं, अवाढव्य मशीन!

मशीन थांबलं होतं ते जेवणाच्या सुट्टीपुरतं. सुट्टी संपली की कडा सपाट होणार होता.

"उंदीर असतील बिळात," मुकादम म्हणाला.

"उंदीर नाहीत, खंड्या आहे! मासे आणून भरवतो पिल्लांना!" खारू म्हणाली. खारू म्हणजे दातांच्या डॉक्टरांची दहा वर्षांची भाची. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून हे नाव.

"बाळ, माझा विश्वास आहे गं. पण साहेबांना फोटो लागतो. पक्षी बिळात मासा नेताना दिसू दे, लगेच पाठवतो."

हे ऐकून डॉक्टरमामांची छाती फुगली. ते रोज कॅमेऱ्याने लोकांच्या दातांचे फोटो काढत.

"अक्कलदाढेमागची कीड टिपणारा माणूस मी! उजेडात उडणारा पक्षी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

दवाखान्याच्या खुर्चीत शिंपीकाका बसले होते. हिरडीत नुकतंच इंजेक्शन दिलेलं, गालात कापूस. "बधिर होईपर्यंत आलोच हं!" असं म्हणून मामा मोठी लेन्स लावत मागच्या दाराने पसार झाले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. कॅमेऱ्यात तीन भावंडं राहतात आणि तिघांत मिळून एकच आखूड पांघरूण असतं. ते पांघरूण म्हणजे उजेड. पहिलं भावंड शटर. ते झटकन मिटलं, तर उडता पक्षीही जागच्या जागी थिजतो, पण आत उजेड कमी जातो. दुसरं लेन्समधलं छिद्र. ते मोठं केलं की उजेड भरपूर, पण चोच स्पष्ट आली तर शेपूट धूसर. तिसरं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद. ते वाढवलं की थोड्या उजेडावर भागतं, पण फोटोवर वाळूसारखे ठिपके येतात. एकाने पांघरूण ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे!

मामांच्या दवाखान्यात ही भावंडं कधी भांडलीच नव्हती. तिथे दिवा झगझगीत, आणि दात काही उडून जात नाहीत. त्यामुळे छिद्र लहान, आयएसओ कमी, शटर सावकाश, असा त्यांचा कायमचा बेत. तोच त्यांनी खंड्यालाही लावला!

"आला!" खारू कुजबुजली.

खट्... टक. सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. तिथे एक लांबलचक निळी रेघ होती.

"हे काय? पेस्ट पिळलीय का?" मुकादमाने विचारलं.

"त्यात वेग दिसतोय," मामा म्हणाले.

"साहेबांना मासा दिसायला हवा, डॉक्टर."

मामांनी शटर एकदम जलद केलं.

"मामा, नुसतं तेवढंच? अंधार होईल ना! आयएसओ वाढव, छिद्र मोठं कर!"

"छे! माझ्या फोटोत आजवर एक ठिपका पडलेला नाही, आणि धूसर तर काही येतच नाही!"

खंड्या आला, गेला. फोटो काळाकुट्ट!

"झाकण काढायचं राहिलं का?" मुकादम म्हणाला. तेवढ्यात मशीनचा चालक हात पुसत आपल्या जागेवर चढला.

"कडा सावलीत आहे, उजेडच कमी आहे ना? मग उजेड आणतो!" मामा धावले आणि दवाखान्यातला चाकांचा दिवा, लांबच लांब वायरीसकट, ओढत घेऊन आले. त्या दिव्यामागोमाग गळ्यात रुमाल बांधलेले शिंपीकाकाही आले.

"आक्तर! आझी आढ!"

"हलू नका!" मामा सवयीने ओरडले आणि झोत थेट बिळावर सोडला.

चोचीत मासा घेऊन खंड्या आला, दचकला आणि गर्रकन वळून मशीनच्या फावड्यावर जाऊन बसला. बिळात पिल्लांचा आकांत. चोचीत मासा तडफडतोय.

"ये रे राजा!" मामांनी लाडीगोडी लावली. "घाबरू नकोस. अजिबात दुखणार नाही!"

"आलाही अअंच आंगितलं ओतं!" शिंपीकाका कळवळले.

आणि घर्रर्र! मशीन सुरू झालं. खंड्या माशासकट भुर्रकन उडाला.

"काका, बंद करा! एकदाच! फक्त एकदा!" खारूने मुकादमाचा हात धरला. तो क्षणभर घुटमळला, मग त्याने हात वर केला. मशीन गप्प झालं.

खारूने दिव्याची वायर उपटली. तिघा मोठ्या माणसांना भिंतीआड बसवलं. मामांच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. शटर जलद ठेवलं, छिद्र मोठं केलं, आयएसओ चांगलं वाढवलं.

"ठिपके पडतील गं!" मामा कळवळून पुटपुटले.

"पडू देत. शेपूट धूसर येऊ दे. मासा दिसला म्हणजे झालं. आता बोलू नकोस!"

सगळे श्वास रोखून बसले. शिंपीकाकांची लाळ हनुवटीवर आली, तरी त्यांनी पुसायला हात हलवला नाही. खंड्या मात्र येईना. चालकाने दोनदा खोकून दाखवलं. मुकादमाने घड्याळाकडे पाहिलं. आणि मग...

टकटकटकटक!

फोटोवर ठिपकेच ठिपके, जणू कुणी वाळू उधळली होती. शेपूट धुक्यात हरवलेली. पण चोच स्पष्ट! चोचीतला मासा स्पष्ट! आणि बिळाच्या तोंडाशी 'आ' करून बसलेलं पिल्लू!

मुकादमाने फोटो पाठवला. थोड्याच वेळात त्याचा फोन वाजला.

"हो साहेब... नाही साहेब, उंदीर नाही... हो, जिवंत आहे... बरं." त्याने फोन खिशात ठेवला आणि चालकाला हाक मारली, "मशीन पलीकडे घे रे! पिल्लं उडेपर्यंत इथे हात लावायचा नाही!"

खारूने टुणकन उडी मारली. शिंपीकाकांनी बधिर तोंडाने काहीतरी आनंदाचं म्हटलं. मामा मात्र पडदा डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"जमलंय गं. पण ठिपके फार! लोक काय म्हणतील? आता मी एकच काढतो, अगदी स्वच्छ. जरा तो दिवा लाव बघू..."

खारूने कॅमेऱ्याचं तळाचं झाकण उघडलं, बॅटरी काढून फ्रॉकच्या खिशात टाकली, रिकामा कॅमेरा मामांच्या गळ्यात अडकवला, आणि शिंपीकाकांचं बोट धरून त्यांना पुन्हा खुर्चीत नेऊन बसवलं.