मन्मथ सरांची मिशी आणि दोन रक्तपिपासू

मन्मथ सरांच्या क्लासबाहेर एक पाटी होती. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'शंका पेटीत टाका. शनिवारी उत्तर न मिळाल्यास सर मिशी काढतील.' खाली सरांची सही, आणि सहीखाली मिशीचं चित्र. कोणती मिशी, ही शंकासुद्धा सरांनी शिल्लक ठेवली नव्हती.

मिशी होतीच तशी. अठ्ठ्याण्णव साली नांदेडात गल्लीगणिक क्लास निघाले होते आणि प्रत्येकाकडे दाखवायला काहीतरी होतं. कुणाकडे लातूरहून आणलेले सर होते, कुणाकडे कूलर होता. मन्मथ सरांकडे मिशी होती, दोन्ही टोकं वर वळलेली, रोज सकाळी खोबरेल चोळलेली. सर बारावीला जीवशास्त्र शिकवायचे आणि अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द कुणी ऐकले नव्हते. घरी पत्नी नागाबाईंनीसुद्धा नाही. मिठाचा डबा कुठं आहे असं विचारलं तरी सर ठामपणे काहीतरी सांगायचेच, आणि मग नागाबाई स्वतः उठून शोधायच्या.

क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. भूकंपाला पाच वर्षं होऊन गेली होती, पण आईबाप अजून लेकरांना स्लॅबखाली बसवायला धजत नव्हते. समोर व्यंकटराव सरांनी दोन मजली क्लास काढला, कूलर लावले. पालक यायचे, कूलरची हवा खायचे, एकदा वर छताकडे बघायचे आणि रस्ता ओलांडून मन्मथ सरांकडे नाव घालायचे. पत्र्याखाली डोकं शिजायचं खरं, पण पडलाच तर नुसता पत्रा पडेल, एवढा दिलासा होता.

शंकापेटीतल्या चिठ्ठीवर नाव लिहायची पद्धत नव्हती. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं, त्यातून पोरी, उभं राहून विचारायला लाजायच्या. म्हणून चिठ्ठी टाकायची, आणि शनिवारी सर दोनशे चाळीस पोरांसमोर पेटी उघडून एकेक शंका निकालात काढायचे. अशाच एका शनिवारी ती चिठ्ठी निघाली.

'सर, दोन रक्तपिपासू समोरासमोर आले. पहिल्याने वार केला. दुसऱ्याने त्याच वेळी तो चुकवला. पहिल्याकडे रक्त दोन, दुसऱ्याकडे रक्त एक. तर सुप्तावस्थेत कोण जाईल? नियमासह स्पष्ट करा.'

सरांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. असा प्रश्न त्यांनी बापजन्मात बघितला नव्हता. पण भाषा अगदी बोर्डाची होती. 'नियमासह स्पष्ट करा' म्हणजे दोन मार्क. सरांनी झटकन विचार केला. रक्त पितं, गाढ झोपतं, म्हणजे वटवाघूळ. दक्षिण अमेरिकेत रक्त पिणारी वटवाघळं असतात हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी फळ्यावर समोरासमोर दोन सुबक वटवाघळं काढली, मिशीवरून हात फिरवला आणि सांगून टाकलं की सुप्तावस्थेत दुसरा जाईल, कारण ज्याच्याकडे रक्त कमी तो आधी झोपतो.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण कुणी उलट विचारू नये म्हणून ते पुढं म्हणाले, "ह्याच्यावर खूण करून ठेवा. यंदा येऊ शकतं."

दोनशे चाळीस पेनं एकदम चालली आणि दोनशे चाळीस वह्यांत 'आयएमपी' लिहिलं गेलं.

आता ती चिठ्ठी कुठून आली होती, ते सांगितलं पाहिजे. जिक्रा नांदेडचीच, सराफ्याजवळ राहणारी. तिचा भाऊ यासेर दुबईला कामाला होता आणि सुट्टीत येताना त्यानं बहिणीसाठी पत्त्यांचा एक खेळ आणला होता. बदाम-इस्पिकचे पत्ते नव्हेत. ह्या पत्त्यांवर सुळेवाले, काळ्या कोटातले रक्तपिपासू होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल थेंब आणि थेंबात आकडा. जिक्रानं निम्मे पत्ते वर्गातल्या मैत्रिणीला, अयोध्याला दिले. अयोध्या किनवटकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. दोघी जेवणाच्या सुट्टीत शेडमागं बसून खेळायच्या आणि हरणारीनं आपला एक पत्ता जिंकणारीला कायमचा द्यायचा. खेळाबरोबर नियमांचं पुस्तक आलं होतं, तीस पानांचं, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. ते दोघींनी उघडलंसुद्धा नव्हतं. मूळ पुस्तक वाचायचं नाही, सरांना विचारायचं, हेच तर त्या दोन वर्षं शिकत होत्या. तेव्हा वार चुकवण्यावरून भांडण लागलं, आणि जिक्रानं चिठ्ठी लिहून पेटीत टाकली.

पुढच्या शनिवारी पेटीत त्याच अक्षरातल्या चार चिठ्ठ्या निघाल्या. दुसऱ्याकडे तलवार असेल तर? सर म्हणाले, तलवार म्हणजे सुळा, परीक्षेत असंच फिरवून विचारतात. लढाई चालू असताना दिवस उजाडला तर? दोघंही झोपतील. तिसऱ्यानं मध्ये येऊन अडवलं तर? तो झोपेल. पहिला लांब उभा राहून बंदूक चालवत असेल तर?

इथं सरांना घाम फुटला. पत्र्याखाली सगळ्यांनाच फुटलेला असल्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी पाणी पिऊन सांगितलं की बंदूक शिकाऱ्याची. शिकारी प्रश्नात दिलेला नाही, तो आपण गृहीत धरायचा.

पोरांनी शिकारी गृहीत धरला. मग मात्र हे प्रकरण शेडमध्ये मावेना. कोपऱ्यावर जिलानीभाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यांनी पाच उत्तरांचा एकच कागद करून 'मन्मथ सर, रक्त, आयएमपी' असं वर लिहून विकायला सुरुवात केली. इतर क्लासची पोरं रांग लावायला लागली. जिलानीभाई सरांना भेटले की हात जोडायचे. "सर, तुमच्या रक्तानं माझ्या मशिनीला दम घेऊ देऊन न्हाई राहिलं. अजून एक-दोन लढाया सांगा की."

कागद व्यंकटराव सरांपर्यंत पोचला. हा विषय आपल्याकडे शिकवलाच नाही, हे पोरांना कळलं तर क्लास बसायचा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शिकवला, आणि वेगळेपणा दिसावा म्हणून उत्तर उलटं दिलं. सुप्तावस्थेत पहिला जाईल, कारण वार करण्यात ऊर्जा खर्च होते.

झालं. नांदेडात पहिलावाले आणि दुसरावाले असे दोन पक्ष पडले. खोलीतल्या जोडीदारांनी एकमेकांच्या घागरीतलं पाणी पिणं सोडलं. मेसमध्ये पहिलावाल्यांची पंगत वेगळी बसायला लागली. उमरीहून एक पालक एसटीनं आले, ते थेट सरांपुढं उभे राहिले. "सर, मला त्यातलं काही कळत न्हाई. पण पोरीनं कोणतं पाठ करावं, ते एकदा ठरवून सांगा."

सरांनी ठरवून सांगितलं, पण त्यांना आता रात्री झोप लागत नव्हती. चारही पुस्तकं चाळून झाली होती. वटवाघळं सापडत होती, लढाई सापडत नव्हती. त्यात व्यंकटरावांचा निरोप आला की येत्या शनिवारी सर्वांसमोर सिद्ध करा, नाहीतर येताना वस्तरा मी घेऊन येतो.

शनिवारी शेड तुडुंब भरला. पालकांसाठी मंडपवाल्याकडून लोखंडी घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या पन्नासेक पत्र्याला टेकवून उभ्या केल्या होत्या. व्यंकटराव पहिल्या रांगेत, खिशावर हात ठेवून. सरांनी जाहीर केलं की आज प्रॅक्टिकल होईल. दोघांनी पुढं या. कुणीच हललं नाही. शेवटी जिक्रा आणि अयोध्या उठल्या. सरांनी जिक्राच्या हातात लाल शाईच्या दोन बाटल्या दिल्या, अयोध्याच्या हातात एक, आणि वार म्हणून जिक्राला डस्टर दिलं.

जिक्रानं डस्टर उगारलं. अयोध्यानं महिनाभर पत्त्यांवर जे केलं होतं तेच केलं, झपकन खाली वाकून मागं सरकली, आणि तिची पाठ खुर्च्यांना लागली. पन्नास लोखंडी खुर्च्या एकावर एक पत्र्यावर आदळल्या. असा गडगडाट झाला की सबंध शेड थरारला.

"हाललं रे," कुणीतरी ओरडलं.

मराठवाड्यात त्या काळी एवढे दोन शब्द पुरत होते. अर्ध्या मिनिटात शेड रिकामा झाला आणि सगळी मंडळी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. जमीन आपल्या जागी होती. मग एकेकाच्या लक्षात आलं की आपण हातात काय घेऊन पळालोय. पाच वर्षांत ही सवयच लागली होती, हललं की हाताला लागेल ती मोलाची वस्तू घेऊन बाहेर यायचं. कुणाकडे मार्कमेमोची फाईल होती, कुणाकडे एकच चप्पल. व्यंकटरावांच्या काखेत परक्याच कुणाचा तरी जेवणाचा डबा होता. मन्मथ सरांनी शंकापेटी उचलून आणली होती. नोट्स मात्र कुणीच आणल्या नव्हत्या.

जिक्राच्या हातात पत्त्यांचा डबा होता. धक्काबुक्कीत त्याचं झाकण उडालं आणि पत्ते रस्ताभर पसरले. एक पत्ता सरांच्या पायापाशी पडला. त्यांनी उचलला. काळा कोट, बाहेर आलेले सुळे, हातात बंदूक, कोपऱ्यात लाल थेंब, थेंबात दोन.

सरांनी पत्ता उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे काय आहे?"

अयोध्या म्हणाली, "रक्तपिपासू हाय, सर."

"आणि ही बंदूक?"

"त्याचीच हाय. आमी विचारलं व्हतं की चिठ्ठीत."

सर जिलानीभाईंच्या दुकानाच्या पायरीवर बसले. नियमांचं पुस्तक आहे का, असं त्यांनी हळूच विचारलं. जिक्रानं ते डब्याच्या तळातून काढून दिलं. अक्षर सरांच्या चष्म्याला दाद देईना, तेव्हा जिलानीभाईंनी लढाईचं पान मशिनीवर दुप्पट करून आणलं. दोनशे चाळीस पोरं, पालक आणि व्यंकटराव घेर धरून उभे होते. सर बोट ठेवून वाचत गेले. नियम साधा होता, चार ओळींचा. वार चुकवला तर लागत नाही. लागला नाही तर रक्त जात नाही. रक्त गेलं नाही तर झोप नाही.

"म्हणजे कोण झोपतं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"कोणीच न्हाई," सर म्हणाले.

व्यंकटरावांनी खिशावरचा हात काढला. दोघंही बुडाले होते, त्यामुळं त्यांनीच घाईनं तोडगा काढला. हा तर पोरींचा खेळ निघाला. अभ्यासक्रमाबाहेरचं आहे, पाटी फक्त अभ्यासक्रमाला लागू, तेव्हा मिशीचा प्रश्नच येत नाही. पालकांनी माना डोलावल्या. सरांना इतकं हायसं वाटलं की त्यांचा हात आपोआप मिशीकडे गेला.

तेवढ्यात त्यांची नजर अयोध्यावर पडली. ती पत्ते गोळा करत होती आणि एक पत्ता हातात धरून तशीच बसली होती. त्यावर पांढऱ्या केसांची, करड्या डोळ्यांची एक रक्तपिपासू बाई होती. सरांनी विचारलं, तुझा का हा?

"व्हता, सर. आमच्या होस्टेलच्या बाईवानी दिसती म्हणून मला लई आवडायचा. चुकवला तर कोणीच झोपत न्हाई म्हणत व्हते मी, पण तुमी दुसरा झोपतो म्हणलात, म्हणून हारले. मग जिक्राला द्यावा लागला."

"तुला तर पटलं नव्हतं. मग भांडली का नाहीस?"

अयोध्याला हा प्रश्नच कळला नाही. "सर म्हणल्यावर खरंच असल की," ती म्हणाली.

सरांना लाज वाटली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि ती कानापर्यंत चढली. व्यंकटराव अजून अभ्यासक्रमाचं सांगत होते. सर उठले, अयोध्याला म्हणाले की बाई, तुझं बरोबर होतं, मी चुकलो, मला ते माहीतच नव्हतं. जिक्रानं पत्ता मैत्रिणीच्या हातातच राहू दिला. मग सर रस्ता ओलांडून केशकर्तनालयात गेले. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांना बाजूला सरकायला सांगितलं.

घरी नागाबाईंनी दार उघडलं. "आगं माय," त्या म्हणाल्या, "वरचा ओठबी हाय की तुमाला."

पुढच्या शनिवारी सर शेडमध्ये आले. पाटी तशीच होती, चित्रही तसंच. पेटी उघडली तर आत एकच चिठ्ठी, ओळखीच्या अक्षरातली. सरांनी ती मोठ्यानं वाचली.

'सर, मिशी तर गेली. आता शंकेचं उत्तर न मिळाल्यास काय काढणार? नियमासह स्पष्ट करा.'

सरांचा हात सवयीनं वर गेला आणि रिकामाच खाली आला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "मला माहीत नाही."

दोनशे चाळीस पेनं एकदम चालली. पोरांनी उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली लाल शाईनं लिहिलं, आयएमपी.