आबांचं गाणं आणि अमेरिकेचं कव्हर

अमेरिकेने आपल्या वडिलांचं गाणं ढापलं असं ठामपणे मानणारा एक माणूस धुळ्यात आमच्या शेजारी राहतो. सुधाकर नाना. सरकारी ऑफिसातून रिटायर, गळ्यात कायम मफलर. मे महिन्यातसुद्धा! धुळ्याच्या मे महिन्यात!

झालं असं, की मी गच्चीवर मोबाईलवर गाणं लावून कपडे वाळत घालत होते. जुनं, अमेरिकेतलं, रिदम अँड ब्लूज प्रकारचं. त्यातला माणूस कुणाला तरी म्हणत असतो, जाऊ नको, थोडं थांब. एवढंच. पण असा गातो ना, की हातातली उशीची खोळ हातातच राहते. तेवढ्यात खालून आरोळी आली, "ए पिंके! आमना आबानं गानं तुले कोनी दिनं?"

आबा म्हणजे नानांचे वडील. साक्रीकडच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि नवरी सासरी निघाली की हीच धून लावायचे. कुणाच्या तरी कॅसेटवरून उचलली असणार, पण नाना लहानपणापासून समजत होते की आबांनीच बसवली. मी दाखवलं, "नाना, हे आबांनी क्लॅरिनेट हातात धरायच्याही आधीचं आहे." नानांनी मफलर सारखा केला.

"मंग त्या अमेरिकावालासनीच उचलं व्हई."

एखाद्याचं गाणं दुसऱ्याने आपल्या पद्धतीने गायलं की त्याला कव्हर म्हणतात, हे मीच त्यांना सांगितलं. झालं! तेव्हापासून "बठ्ठा कव्हर शेतस!", म्हणजे सगळी कव्हरंच आहेत, हे नानांचं पेटंट वाक्य. नानीसुद्धा चहा घेऊन आल्या की त्यांना विचारतात, "आज मना चहा पन कव्हर शे का हो?"

मग मी रोज संध्याकाळी त्यांना नवीन कव्हर ऐकवायला लागले. गिटारवाला कोरियन पोरगा: "चांगला शे, पन घाई करस." ॲकॉर्डियन वाजवणारी जर्मन आजी: "बाईले दम लागना." चर्चमधली चाळीसेक माणसं एकदम गातात ते ऐकून म्हणाले, "एवढा लोके कशाले? आबा एकला पुरे!" आणि मूळ गाणं चुकून लागलं की उठून पाण्याची मोटर चालू करायचे. टाकी भरून वाहायची तरी बंद नाही.

गंमत म्हणजे कुठलंच कव्हर ते पूर्ण ऐकत नसत. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक जागा आहे, तिथपर्यंत डोळे मिटून, मान पुढे. ती जागा गेली की, "नही. बंद कर."

शेवटी मी विचारलंच, "नाना, तिथे काय शोधता?"

त्यांनी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. कुणाच्या तरी लग्नाचं जुनं शूटिंग. नवरी निघालीय, बायका रडतायत आणि कडेला आबा! गाल फुगलेले, बोटं नुसती पळतायत. पण आवाज? शूटिंगवाल्याने वरून कुठलंतरी सिनेमाचं गाणं चिकटवलेलं. बोटं आबांची, आवाज भलत्याच बाईचा.

"तठे आबा थांबे," नाना हळूच म्हणाले. "सूर असा उतरे, जसं कोनी वळीसन मांगे देखस. एवढं एकच शूटिंग शे त्यासनं. तेबी मुकं. वाटनं, जगमा कोन्ही तरी तसं वाजाडत व्हई."

मघाशी लावलेली मोटर अजून चालूच होती. मीच जाऊन मोटर बंद करून आले.

मग माझ्या भावाचा साखरपुडा उरकला आणि लग्नाचा दिवस आला. नवरी नशिराबादची. मी बँडवाल्याला आठवडाभर आधी ते गाणं पाठवून ठेवलं होतं, नानांना पत्ता नाही. नवरी निघायच्या वेळी क्लॅरिनेट सुरू झालं. वहिनी रडतेय, तिची आई रडतेय, आणि आमचे नाना गर्दीतून कोपराने वाट काढत थेट बँडसमोर!

ती जागा आली. गेली.

"नही, नही, भो! अठे थांब. आइक."

आणि नानांनी, ज्यांना साधी शिट्टी येत नाही, भर मांडवाच्या दारात तोंडाने क्लॅरिनेट वाजवलं. तू... तूऊ... गाल फुगवून! पोरं हसायला लागली. वहिनीची आईसुद्धा रडता रडता फिसकन हसली. क्लॅरिनेटवाल्याने धरायचा प्रयत्न केला, हुकला. नानांनी परत गायलं. तो परत हुकला. तिसऱ्या वेळी सूर थांबला आणि असा काही उतरला ना, की गाडीत पाय ठेवणारी वहिनी खरंच वळली आणि तिने मागे बघितलं.

नानांचं तिकडे लक्षच नव्हतं. मफलरने तोंड पुसत ते शूटिंगवाल्यापाशी पोचले होते. त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरलेला.

"भो, वरतून कोनतं गानं टाकू नको. आवाज ऱ्हाऊ दे."