माडीची जमीन वाळत नाही

दुकानावरच्या माडीची जमीन या वर्षी आपणच पॉलिश करायची, असं मी एका सकाळी चहा पिताना जाहीर केलं. घरात कोणी हरकत घेतली नाही. (हरकत न घेणं आणि लक्षच न देणं, यांतला फरक मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळत नाही.)

शेलूबाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. खाली दुकान, मागे घर, वर माडी. माडीची जमीन सागवानी फळ्यांची, आणि पर्युषणात गावातल्या जैन बाया तिथंच प्रतिक्रमणाला, म्हणजे केल्या चुकांची क्षमा मागायला, जमतात. पर्युषण तोंडावर आलं होतं आणि फळ्या पार काळवंडल्या होत्या.

माझी बायको चंदना हिला टर्पेंटाइनचा वास सोसत नाही, तिचं अर्धं डोकं धरतं. म्हणून अकोल्याच्या एका दुकानात मी बिनवासाचं पॉलिश मागितलं. दुकानदारानं ‘लो व्हीओसी पॉलियुरेथेन’ असं लिहिलेला डबा काढला.

“व्हीओसी म्हणजे काय?” मी विचारलं.

“हवेत उडून नाकात जाते ना भाऊ, ते. यात ते कमी आहे. पाण्यातलं पॉलिश आहे, लवकर वाळते.”

जे उडून जायचं तेच कमी असेल तर बाकीचं जमिनीवरच मुक्काम करील, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

डब्यावर ‘पातळ हात द्या, हवा खेळती ठेवा’ असं छापलं होतं. मी वरणावर तूप सोडतात तसा सढळ हात दिला, आणि दिव्यावरची पाखरं येऊ नयेत म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या. बाहेर भादव्याची झड लागलेली. आई, म्हणजे अंगुरीबाई, दारात उभी राहून पाहत होती. पॉलिश डब्यात दुधासारखं पांढरं दिसतं.

“दुधानं सारवून राह्यला काय रे?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघांनी दार उघडलं. खोलीत जमीन नव्हतीच. एक तळं होतं. त्यात छताचे वासे दिसत होते, पंखा दिसत होता. माझे वडील पूनमचंदजी, ज्यांनी आयुष्यात माझ्या कुठल्याही कामाला ‘बरं’ म्हटलेलं नाही, ते वाकून स्वतःचा चेहरा पाहत राहिले.

“पारस,” ते हळूच म्हणाले, “हे तू केलं?”

मी नम्रपणे मान खाली घातली आणि बोट लावून पाहिलं. बोट वर आलं, त्याच्याबरोबर तारही वर आली.

चंदनानं ती तार निरखली. “एकतारी आहे,” ती म्हणाली. “लाडवाले दोनतारी लागते.”

तेवढ्यात आईचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. उंबऱ्यापासून वीतभर आत एक मुंगी पॉलिशमध्ये उभी होती. पाय हलवत होती, पण जागची हलत नव्हती.

तेव्हा मला कळलं, मी काय करून बसलो होतो. आमच्या घरात पाणी गाळून पितात, आणि ऐन पर्युषणाच्या तोंडावर मी माडीभर गावातल्या समस्त किड्यांसाठी सापळा पसरला होता.

आईचे गुडघे इतके दुखतात की ती खाली बसत नाही. ती आई उंबऱ्यावर पालथी झोपली. हातात जीव अलगद बाजूला सारायची लोकरीची मऊ पुंजणी घेतली, तिचा एक धागा पाण्यात बुडवला आणि मुंगीच्या एकेका पायाखालून फिरवायला लागली. वडिलांनी श्वास धरला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मुंगी धाग्यावर चढली, आईनं तिला भिंतीशी सोडलं, आणि ती काहीच झालं नाही अशी निघून गेली. मी या बाईच्या पोटी जन्मलो, यावर माझा क्षणभर विश्वास बसेना. (तिचाही बसत नसावा. तिनं माझ्याकडे पाहिलं ते तसंच.)

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

“सर, जाड थर दिलाय तुम्ही. त्यात दमट हवा. खिडक्या उघडा, पंखा लावा,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“खिडक्या उघडल्या तर पाखरं येऊन चिकटतात हो.”

“मग आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या, सर.”

“काय म्हणते ते?” आईनं विचारलं.

“म्हणते, सगळ्याइले मारून टाका.”

आई फोनजवळ आली. “बाई,” ती शांतपणे म्हणाली, “आमचे पर्युषण चालू होऊन राह्यले.” मग फोन कटला.

तोड चंदनानं काढली. खिडक्या उघडायच्या, पण जाळी लावून. दुकानात जाळीचं कापड एकच होतं, घागऱ्याचं, गुलाबी, टिकल्यांचं. आम्ही ते साऱ्या खिडक्यांना ठोकलं. वाऱ्यानं ते फुगायला लागलं तशी माडी नवरीसारखी दिसायला लागली. खाली रस्त्यावर मानोऱ्याची जीप थांबली आणि धरमसिंग ड्रायव्हरनं मान वर केली.

“शेठ, कोणाचं लगन?”

“कोणाचं नाही. जमीन वाळून राह्यली.”

“अस्सं,” तो विचार करून म्हणाला. “मंग हळद कवाची?”

आई दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली. संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, जवळ आली, तरी जमीन बोटाला चिकटतच होती. एका दुपारी जाळीच्या फटीतून एक पाखरू आत शिरलं आणि जमिनीकडे उतरायला लागलं. आईला डुलकी लागली होती. मी विचार न करता आत झेपावलो. (विचार करून मी जे केलं होतं ते समोर पसरलेलंच होतं.) दुसऱ्या पावलाला दोन्ही पाय रुतले. पाखरू माझ्याभोवती फिरलं आणि माझ्या टकलावर बसलं. खोलीत कोरडी जागा तेवढीच होती.

आई जागी झाली. “हलू नको,” ती म्हणाली. “बसू दे त्याले.”

मी उभा राहिलो. त्याचे पाय डोक्यावर जाणवत होते, इतके हलके की खरंच आहेत की नाही, समजेना. खालच्या तळ्यात मला मीच उलटा दिसत होतो, डोक्यावर पंख घेतलेला. बाजाराचा गलका कुठंतरी लांब गेला. मग ते उडालं आणि फटीतून बाहेर गेलं. आई हात जोडून बसली होती. चंदना आणि वडिलांनी फळी टाकून मला ओढून काढलं.

त्यानंतर ऊन पडलं. संवत्सरीच्या सकाळी जमीन दगडासारखी कडक झाली होती, काचेसारखी चमकत होती, आणि तिच्या मधोमध माझी दोन पावलं खोल उमटून कायमची बसली होती.

संध्याकाळी बाया जमल्या. मंगरूळपीरच्या रत्नमालाकाकी सगळ्यांत वयानं मोठ्या. त्या पावलांपाशी आल्या, थबकल्या, पदर डोक्यावर घेतला आणि मी काही बोलायच्या आत वाकून त्यांनी कपाळ टेकवलं. मागच्या बायांनीही हात जोडले.

“कोण्या महाराजाचे चरण आहेत, अंगुरी?” त्यांनी भरल्या आवाजात विचारलं.

संवत्सरीच्या दिवशी आईनं खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. “महाराजाचे नाही, काकी. आमच्या पारसचे आहेत.”

काकींनी मला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं आणि पायांवर थांबल्या. मग पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, “तरीच. मी म्हटलं, महाराजाचा पाय असा फेंगडा काहून?”