रिकाम्या कोपऱ्याचं प्रकरण

"लिहा, मेहुणे," भाऊजी म्हणाले. "नजर घारीची. पाऊल मांजराचं. डोकं बर्फाचं. असा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो."

मेहुण्यांनी लिहून घेतलं. हे वर्णन ते त्या वर्षात सातव्यांदा लिहीत होते, कारण प्रत्येक प्रकरणाआधी भाऊजींना ते कोऱ्या पानावर लागायचं. त्याच सकाळी मांजराच्या पावलांनी आत येताना भाऊजींनी दुरुस्त होऊन तयार असलेलं एक भिंतीवरचं घड्याळ खाली पाडलं होतं. ते मेहुण्यांनी लिहिलं नाही. शतकातून एकदाच जन्माला येणारा माणूस नेमका आपल्याच बहिणीच्या पदरात का पडावा, हा प्रश्नही त्यांनी नेहमीप्रमाणे मनातच ठेवला.

मेहुण्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात पडदा लावून भाऊजींनी गुप्तहेर संस्था काढली होती. संस्थेत एक टेबल होतं, एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर भाऊजी होते. येणाऱ्याने उभ्यानेच आपलं दुःख सांगायचं आणि मेहुण्यांनी उभ्यानेच ते टिपून घ्यायचं, अशी पद्धत होती. भाऊजींचं भिंगसुद्धा मेहुण्यांचंच, घड्याळ दुरुस्त करताना डोळ्यात अडकवायचं. त्यातून दोन बोटांवरची वस्तू लख्ख दिसते आणि त्यापलीकडचं सगळं जग धुक्यात जातं. भाऊजींच्या तपासाचं सगळं गमक या भिंगात होतं, असं मेहुण्यांना फार दिवसांपासून वाटत आलं होतं.

अकराच्या सुमारास पडदा बाजूला सारून घरसजावटवाल्या बाई आत आल्या. त्यांचे केस विस्कटले होते आणि गळ्यात मोजायची टेप लोंबत होती.

"चोरी झाली आहे," त्या बोलायच्या आधीच भाऊजी म्हणाले. "दागिना गेला आहे."

"वही गेली आहे," बाई म्हणाल्या.

"मौल्यवान वही," भाऊजींनी सुधारणा केली. "लिहा, मेहुणे."

वही खरंच मौल्यवान होती, निदान बाईंना तरी. पंधरा वर्षं मासिकांतून कापलेली चित्रं त्यांनी तिच्यात चिकटवली होती. उबदार झोपायच्या खोल्या, चौकडीचे पडदे, खिडकीखालचे पलंग, तुकडे जोडून शिवलेल्या रजया, गावाकडच्या घरांची कपाटं. चिकटवून चिकटवून वही एवढी फुगली होती की मिटायचं नाव घेत नसे. काही सुचेनासं झालं की बाई ती उघडून बसायच्या, आणि सुचायचं.

"आज चार वाजता दातांच्या डॉक्टरांची आई येणार आहे," बाई सांगू लागल्या. "कायमची राहायला. दोन वर्षं डॉक्टर त्यांना बोलावतायत, पण गावातलं घर सोडायला तयार नव्हत्या. मागच्या महिन्यात मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तासभर चाळली, एका चित्रावर बोट ठेवलं, पानाचा कोपरा दुमडला आणि म्हणाल्या, अशी खोली असेल तर येते."

"मग करा तशी," भाऊजी म्हणाले.

"केली. एक कोपरा सोडून. खिडकीशेजारच्या त्या कोपऱ्यात चित्रात काहीतरी होतं. काय होतं ते आठवत नाही. चित्र इतक्या वेळा पाहिलं की आता डोळ्यांसमोर येतच नाही."

मेहुण्यांनी विचारलं, "फोटो काढून ठेवला नव्हता?"

"वही हाताशी असताना फोटो कशाला काढेन?"

"मग आजींनाच फोन करून विचारायचं."

"डॉक्टर नको म्हणतात. वही हरवली असं कळलं तर त्यांना वाटेल, यांनी माझं काही मनावर घेतलं नाही. मग त्या परत जातील." बाईंचा आवाज बारीक झाला. "माझं स्वतःचं हे पहिलं काम आहे हो."

मेहुण्यांना त्यांची फार दया आली. भाऊजींनी भिंग खिशात टाकलं आणि निघताना आणखी एक घड्याळ पाडलं.

डॉक्टरांच्या घरातली ती खोली दारातूनच मनात भरण्यासारखी होती. खिडकीखाली पलंग, पलंगावर रंगीबेरंगी तुकड्यांची रजई, फिकट निळ्या रंगाचं कपाट आणि पितळी दिवा. पलंगाशेजारच्या स्टुलावर जाडजूड पुस्तकांची एक चळत होती. सगळी पुस्तकं साईच्या रंगाच्या कापडात गुंडाळलेली आणि वरून सुतळीने बांधलेली. खिडकीशेजारचा कोपरा तेवढा रिकामा होता. भिंतीला टेकून एक दिवा, एक टोपली आणि कुंडीचा एक लोखंडी स्टँड उभे होते. बाईंनी ते एकामागून एक कोपऱ्यात ठेवून पाहिले होते आणि एकामागून एक हलवले होते.

भाऊजींनी भिंग डोळ्यात अडकवलं आणि कपाटाला नाक लावलं.

"झटापट," ते गंभीरपणे म्हणाले. "भयंकर झटापट. कडा घासल्या आहेत. रंग उडाला आहे. इथे कोणीतरी जिवाच्या आकांताने लढलं आहे."

"मी लढलो," दारातून रंगारी म्हणाला. हातात ब्रश घेऊन तो शेवटची पट्टी मारायला आला होता. "दोन दिवस. पॉलिशपेपर घेऊन. कपाट कोरं करकरीत होतं. बाई म्हणाल्या, जुनं दिसायला हवं. जन्मभर जुन्याचं नवं करत आलो, आता नव्याचं जुनं करायची वेळ आली."

"गावाकडची धाटणी अशीच असते," बाई म्हणाल्या. "वस्तू वापरलेल्या दिसल्या पाहिजेत."

"मग वापरून द्यायच्या ना. माझ्या घरी पाठवलं असतं तर पोरांनी चार दिवसांत करून दिलं असतं, फुकट."

भाऊजी रंगाऱ्याच्या बाहीपाशी गेले. दोन बोटांवरून त्यांनी ती न्याहाळली.

"तुमच्या बाहीवर पांढरा डाग आहे. भिंतीचा रंगही पांढराच आहे. याचा अर्थ काय होतो?"

"मी भिंत रंगवली."

"कबुली आली," भाऊजी म्हणाले. "लिहा, मेहुणे."

मेहुण्यांनी लिहिलं: रंगारी भिंती रंगवतो. मग भाऊजींनी सुतळीला भिंग लावलं. ही गाठ साधी नाही, ती जहाजावर काम केलेल्या डावखुऱ्या माणसाने मारली आहे, असं त्यांचं मत पडलं.

"मी मारली," बाई म्हणाल्या. "सकाळी. डॉक्टरांची कॉलेजातली पुस्तकं आहेत ती. उशाशी पुस्तकं असली की खोलीत ऊब येते, पण यांच्या वेष्टनांवर किडलेल्या दाढांचे आणि सडलेल्या हिरड्यांचे मोठाले फोटो आहेत. मला बघवेनात. म्हणून चळत उचलली, तोंड फिरवलं आणि एकेक कापडात गुंडाळून टाकलं."

"सोडून बघू का?" मेहुण्यांनी हात पुढे केला.

"खबरदार. पुराव्याला हात लावायचा नाही," भाऊजी म्हणाले. "आणि मला बसायला काहीतरी द्या. माझा मेंदू उभ्याने चालत नाही."

घरात नवीन सामानाच्या पेट्या पसरल्या होत्या. दवाखान्यातून नुकतेच आलेले डॉक्टर स्वयंपाकघरात गेले आणि तिथली एक साधी लाकडी खुर्ची घेऊन आले. मोकळी जागा त्या कोपऱ्यातच होती. भाऊजी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"खुर्ची तिथे नको," बाई म्हणाल्या. "सगळा नूर जातो खोलीचा."

"ताई, तपास चालू आहे."

तपास दोन वाजेपर्यंत चालला. त्यातला काही वेळ तो घोरतही होता. बाईंनी घरातल्या पेट्या उपसल्या, मेहुण्यांनी पलंगाखाली आणि कपाटामागे पाहिलं, रंगाऱ्याने आपली पोतडी स्वतःहून उलटी करून दाखवली. वही नव्हती. बाईंनी दिवा पुन्हा कोपऱ्याकडे आणला, पण तिथे भाऊजी होते.

दोन वाजता भाऊजी एकदम उठले आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले.

"वही तुम्ही लपवली," ते म्हणाले. "हेतू उघड आहे. खोली अपुरी राहिली की आई परत जाणार. ती यायला नकोच आहे तुम्हाला."

रंगाऱ्याचा ब्रश थांबला. भाऊजींच्या सदऱ्याचं टोक ओढून त्यांना तिथून बाहेर काढावं, असं मेहुण्यांना तीव्रतेने वाटलं.

डॉक्टर चिडले नाहीत. "दोन वर्षं दर रविवारी गाडी काढून जातो मी," ते हळूच म्हणाले. "दवाखान्यामुळे वेळ नसतो, तरी जातो. दहा मिनिटं का होईना. दर वेळी म्हणतो, चल. ती म्हणते, बघू. यंदा पहिल्यांदा येते म्हणाली. आज ती परत गेली तर पुन्हा मला विचारवणार नाही."

भाऊजींनी भिंग डोळ्यातून काढलं. बर्फाचं डोकं थोडं वितळल्यासारखं दिसलं. ते गुपचूप जाऊन पुन्हा कोपऱ्यात बसले.

"भाऊजी, ती खुर्ची," बाई काकुळतीने म्हणाल्या.

"पाच मिनिटं, ताई. शेवटचा धागा हाताशी आला आहे."

धागा हाताशी आला नाही, पण आजी आल्या. चारला येणार होत्या, त्या साडेतीनलाच दारात रिक्षातून उतरल्या. डॉक्टर धावले. बाईंनी दिवा, टोपली आणि स्टँड कपाटामागे ढकलले. भाऊजींना उठायची संधीच मिळाली नाही. भिंग डोळ्यात घालून ते कोपऱ्यात तसेच बसून राहिले.

ठेंगण्या, ताठ पाठीच्या आजी दारात थांबल्या. त्यांनी पलंग पाहिला, रजईवरून हात फिरवला, निळ्या कपाटाची घासलेली कड पाहिली.

"हे कपाट कोणी पाडलं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी, नवीनच आहे," रंगारी म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा ब्रशात गुंतला.

आजींची नजर कोपऱ्यात भाऊजींवर येऊन थांबली. "आणि हे कोण?"

"खोलीबरोबर नाहीत ते," मेहुणे घाईने म्हणाले. "जाणारच आहेत."

आजी पलंगावर टेकल्या. त्यांचं लक्ष उशाशेजारच्या चळतीकडे गेलं.

"वाचायला ठेवलीत, तर बांधून का ठेवलीत?" त्या म्हणाल्या, आणि भाऊजी पुराव्याविषयी काही बोलायच्या आत त्यांनी दोन बोटांनी गाठ सोडली. पहिल्या पुस्तकाचं कापड काढलं. दाढेचा फोटो दोन क्षण पाहून त्यांनी ते पालथं घातलं. "हे वाचलं तर रात्रभर दात धरून बसेन मी." दुसरंही पालथं घातलं. तिसऱ्याचं कापड निघालं आणि आतलं पुस्तक आपोआप फुगून उघडलं.

बाई मटकन पेटीवर बसल्या.

"अगं, ही तर तुझी वही," आजी म्हणाल्या. "बरं केलंस, उशाशी ठेवलीस."

आपली पंधरा वर्षांची पुंजी आपणच, दाढा नजरेला पडू नयेत म्हणून तोंड फिरवून, त्या ग्रंथांबरोबर बांधून टाकली, हे बाईंच्या चेहऱ्यावर अक्षरशः वाचता येत होतं. आजींनी दुमडलेलं पान काढलं आणि खोलीशी ताडून पाहू लागल्या. पलंग. रजई. कपाट. त्यांचं बोट चित्रातल्या कोपऱ्यावर आलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"खुर्ची पण ठेवलीत आठवणीने," आजी म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तेवढी विसराल."

बाईंनी डोळे उघडले. मेहुणे वाकून चित्र पाहू लागले. चित्रात खिडकीशेजारच्या कोपऱ्यात एक साधी लाकडी खुर्ची होती. कोणत्याही स्वयंपाकघरात असते तशी.

"त्या खुर्चीसाठीच तर निवडलं मी हे चित्र," आजी म्हणाल्या. "पलंग काय, कुठेही मिळतो." मग त्या मुलाकडे वळल्या. "दर रविवारी यायचास आणि दारात उभा राहून बोलायचास. एक डोळा घड्याळावर. म्हटलं, माझ्या खोलीत बसायला जागा असेल तर बसशील तरी."

भाऊजी खुर्चीवरून उठले. त्या दिवसातली ही त्यांची पहिली अचूक हालचाल होती. डॉक्टर जाऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. घड्याळावर पोट असलेल्या मेहुण्यांनाही त्याचं फार बरं वाटलं.

बाहेर पडल्यावर भाऊजींनी भिंग खिशात टाकलं. मग म्हणाले, "लिहा, मेहुणे. खुर्चीचं स्थान गुप्तहेराने केवळ तर्काने ओळखलं आणि स्वतः बसून राखून ठेवलं."

"आणि वही?"

"वहीजवळ कोणी जाऊ नये म्हणून तिच्यावर पहारा ठेवला."

मेहुण्यांनी लिहिलं. यातला एकही शब्द खोटा असल्याचं सिद्ध करता येणार नव्हतं, हेच त्यांना जास्त खटकलं.

दुसऱ्या दिवशी मेहुणे दुकान उघडून मागे गेले तर पडद्याआड टेबलासमोर दुसरी खुर्ची होती. नवी कोरी असावी, पण तिचे हात आणि पाय कोणीतरी पॉलिशपेपरने वाटेल तसे घासले होते. शेजारी भाऊजी उभे होते, बोटांना पट्ट्या गुंडाळून.

"अशिलांसाठी आणली," ते म्हणाले. "गावाकडची धाटणी."

"अशील वर्षातून सात येतात, भाऊजी."

"मग मधल्या काळात तुम्ही बसा. सहा वर्षं उभ्याने लिहिताय." भाऊजींनी भिंग उगाच डोळ्यात अडकवलं आणि ते छताकडे पाहू लागले. "बसा म्हणतो ना."

मेहुणे बसले. एक पाय जरा जास्तच घासला गेला होता, त्यामुळे खुर्ची डुलत होती. तिच्या पायाखाली घालायला त्यांनी तपासाची वही हातात घेतली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, आणि परत मांडीवर ठेवली. मग ते तसेच डुलत बसून राहिले.